सांगून आलो

"मी सांगून येतो, तुमी लाकडं बघा."

हिरामण हे वाक्य तीस-बत्तीस वर्षं बोलला. गावात कुणी गेलं की ओटीवर माणसं जमायची, काही वेळ कुणाला काहीच सुचायचं नाही, आणि मग हिरामण चपला पायांत सरकवत एवढं बोलून निघायचा. ते ऐकल्यावर इतरांना आपापली कामं आठवायची. कुणी बांबू तोडायला उठायचं, कुणी मडकं आणायला. बायका चुलीवर पाणी ठेवायच्या.

गाव कर्जत-चौक रस्त्यापासून आत, ऐंशी-नव्वद घरांचं. इथे अजून मयताला प्रत्येक घरातून एक लाकूड आणि दोन गोवऱ्या येतात. आणि मयताचा निरोप माणसाने जाऊनच द्यायचा असतो. देणाऱ्याने उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, मेला हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ज्याचं मयत त्याचं नाव घ्यायचं आणि "चला" म्हणायचं. अवेळी आलेला माणूस दारात उभा आहे, पाणी नको म्हणतोय, एवढ्यावरून घरच्यांना कळतं. कळेपर्यंत हिरामण हलायचा नाही. समोरच्या बाईचा हात कुठेतरी टेकला, भिंतीला, दाराच्या चौकटीला, की तो वळायचा. सासरी दिलेली लेक असेल तर तिचं गाव कितीही लांब असो, तिच्या दारात जायचं. ती येईपर्यंत तिरडी बांधून ठेवायची, उचलायची नाही.

हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. तो अठ्ठावीस वर्षांचा असताना ऐन लावणीत एक म्हातारी गेली. तिची लेक पळसदरीला दिलेली. "कोण जातं रं?" असं पोलीस पाटलांनी बांधावरून विचारलं. सगळ्यांचे पाय चिखलात होते. सगळे खाली बघत राहिले. हिरामणही थोडा वेळ खाली बघत राहिला, मग म्हणाला, "जातो मी." पुढच्या वेळी कुणी विचारलंच नाही.

त्यामुळे गावात त्याची थोडी पंचाईत झाली. तो कुणाच्याही घराकडे वळला की घरातल्या बाईच्या छातीत धस्स व्हायचं. नव्या सुनांना सासवा आधीच सांगून ठेवायच्या. शेवटी तो रस्त्यावरूनच ओरडायला लागला, "काय नाय गं, कोयता हवाय." किंवा, "काय नाय, म्हस इकडं आली का बघाया आलो." लग्नाच्या पत्रिका वाटायला मात्र त्याला कुणी पाठवलं नाही. त्याच्या पुतण्याचं लग्न होतं तेव्हासुद्धा नाही. "दादा, तुमी घरीच बसा," असं त्याची वहिनी म्हणाली, "पत्रिका घेऊन तुमी गेलात तर लोक लाकूड घेऊन येतील." तो हसला होता.

एरवी तो गावाबाहेरच्या एका फार्महाऊसवर माळी होता. मालक मुंबईचा. चौदा वर्षं झाडं, हिरवळ, कुत्रा आणि पोहण्याचा तलाव त्याच्याकडे होता. शेठचा फोन आला आणि त्याने "हो" म्हटलं की ते काम झालेलं असायचं. शेठही फोन करून पुन्हा विचारत नसे. ही गोष्ट हिरामण स्वतःहून कुणाला सांगायचा नाही. भागी, त्याची बायको, सांगायची.

बुधाजी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला गेला. तीन महिने अंथरुणावर होता, छातीचं दुखणं. घरात त्याची बायको विमलबाई, मुलगा प्रवीण, सून. लेक समिधा मोहोपाड्याला, औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. गणपतीत बहीण-भावाचं वाजलं होतं. बाबांना पनवेलला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं असं समिधाचं म्हणणं, आणि त्यांना आता हलवायचं नाही असं प्रवीणचं. आवाज चढले. समिधा गौरीचं जेवण टाकून उठली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, "या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही." सगळ्या आळीने ते ऐकलं. अशी वाक्यं आळी विसरत नाही.

हिरामण नेहमीसारखा निघाला. गावातली घरं पायी केली. मग स्कूटी काढून शेजारच्या दोन गावांतल्या भावक्या केल्या. सव्वाअकरा झाले. मोहोपाडा राहिलं होतं. तिथलं अंतर सतरा-अठरा किलोमीटर, जायला पाऊण तास. फार्महाऊस त्याच वाटेवर. शेठचा फोन आला.

"हिरामण, मेहमान पनवेल से निकल गये. पूल भर दिया ना?"

तलाव आदल्या दिवशी धुऊन रिकामा ठेवलेला. शनिवारी सकाळी भरून ठेवतो असं त्याने सांगितलं होतं. आठ लहान मुलं येणार होती, कुणाचा तरी वाढदिवस.

"भरतोय शेठ," हिरामण म्हणाला.

वाटेत फार्महाऊस लागलं तसा तो आत वळला. मोटर सुरू केली. मोटर हवा धरत होती, दोनदा बंद पडली. ती सोडून जाता येईना. निळ्या लाद्यांवर पाणी पसरत होतं, फार हळू. तो कडेला बसला, पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने समिधाला फोन लावला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

कारखान्यात चहाची सुट्टी होती म्हणून तिने उचलला. मागे भांड्यांचा, माणसांचा आवाज.

"समिधे, घरी ये."

"काय झालं काका?"

"काय नाय. ये तू."

"बाबांना जास्त आहे का?"

हिरामणच्या तोंडात तो शब्द कधी आलेला नव्हता. दारात उभं असताना त्याची गरज पडायची नाही. इथेही तो आला नाही. "तू ये गं, मंग बघू," असं तो म्हणाला. तिकडून "बरं" आलं आणि फोन बंद झाला. तिचा हात कुठे टेकला की नाही, हे त्याला दिसलं नाही. मोटर पुन्हा बंद पडली होती, तो तिकडे गेला.

गेल्या तीन महिन्यांत "ये" असे चार फोन समिधाला आले होते. चारही वेळा ती धावत गेली होती आणि चारही वेळा बाबा गादीवर बसून पेज पीत होते. तिने सुपरवायझरला विचारलं. माल भरायला गाडी लागली आहे, तीन वाजता जा, असं तो म्हणाला. तिने हट्ट धरला नाही. हट्ट धरायला हवा हे तिला माहीत नव्हतं. मोबाईल लॉकरमध्ये ठेवून ती आत गेली.

साडेबाराला मोटर नीट चालू लागली, आणि एक वाजता हिरामण बुधाजीच्या घरी परत आला. तिरडी तयार होती. ऊन तापलं होतं.

प्रवीणने विचारलं, "काका, ताईला?"

"सांगून आलो," हिरामण म्हणाला.

दर मयताला तो हेच म्हणायचा. सवयीने ते त्याच्या तोंडून आलं, असं त्याने स्वतःला नंतर समजावून पाहिलं. पण प्रवीणने विचारलं आणि त्याने उत्तर दिलं त्यामध्ये थोडी जागा होती. श्वास घेण्याएवढी. त्या जागेत तो खरं बोलू शकला असता. बोलला नाही.

थांबले. दीड वाजला, दोन वाजले. प्रवीणने फोन लावले, सात-आठ. वाजत राहिले. कोणीतरी म्हणालं, मोहोपाड्याहून यायला एवढा वेळ लागत नाही. कोणीतरी गौरीच्या जेवणाची आठवण काढली. अडीच वाजता प्रवीण उठला, म्हणाला, "उचला."

हिरामण खांदा द्यायला पुढे झाला. त्याला वाटलं, ती आता वाटेत असेल, चौकपर्यंत आली असेल. असं त्याला नदीपर्यंत वाटत राहिलं. मग अग्नी दिला गेला. तो तिथूनच, कोणाशी न बोलता, फार्महाऊसवर गेला. पाहुणे आले होते. तलाव भरला होता. मुलं पाण्यात होती.

तीन वाजता लॉकरमधून मोबाईल काढल्यावर समिधाला प्रवीणचे फोन दिसले, तिने उलट लावला तर कुणी उचलला नाही. ती सव्वाचारला घरी पोचली. तिने अंगणात चपला काढल्या आणि सरळ आतल्या खोलीत गेली. गादी गुंडाळलेली होती. ती बाहेर आली.

"बाबांना कुठं नेलं? पनवेलला नेलं का?"

बायका तिच्याकडे बघत राहिल्या. मग प्रवीण नदीवरून आला, ओल्या अंगाने.

"आता आलीस?"

तेवढ्यावरून तिला कळलं. ती तुळशीपाशी खाली बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला कुणी सांगितलं?"

"हिरामणकाका येऊन सांगून गेले तुला."

"आले नव्हते. फोन आला होता. ये म्हणाले, एवढंच."

"काका फोन करत नाय," प्रवीण म्हणाला. तो ओरडला नाही. "साऱ्या गावाला माहीत हाय. पळसदरी असो नायतर मुरबाड, तो माणूस दारात जाऊन सांगतो. नाय यायचं होतं तर नाय यायचं होतं ताई, पण त्यांच्यावर घालू नकोस."

तिने मोबाईल काढला, फोन आल्याची नोंद दाखवायला. कुणी हातात घेतला नाही. एक म्हातारी म्हणाली, "जाऊन आल्यावर पण केला असंल एखादा." ते सगळ्यांना पटलं. समिधा अर्ध्या तासाने उठून गेली. आईच्या गळ्यात पडून रडायचं असतं, तेही राहिलं. विमलबाई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

हे सगळं भागीने हिरामणला संध्याकाळी भात वाढताना सांगितलं.

"पोरगी खोटं बोलली, अवो. तुमच्या नावावर."

हिरामण जेवत राहिला.

"दहाव्याला येऊ नको म्हणून सांगणार हायेत तिला," भागी म्हणाली. "बरोबरच हाय. बापाच्या मयताला आली नाय आणि वर खोटं."

"आमटी हाय का अजून?" हिरामणने विचारलं.

त्यानंतरचे दिवस तो रोज कामावर गेला. हिरवळ कापली. पडलेली पानं जाळीने तलावातून काढली. शेतात भात पिवळं पडलं होतं, कापायला माणसं मिळत नव्हती, त्याबद्दल तो लोकांशी बोलला. रस्त्यात लोक त्याला थांबवून म्हणायचे, "दादा, मनावर घेऊ नका. आजकालच्या पोरी." तो मान हलवायचा. त्याला फार वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. हाताला मुंग्या येऊन हात आपला वाटेनासा होतो, तसं ते होतं. सगळं दिसत होतं, कशाला काही लागत नव्हतं. त्याला एवढंच स्पष्ट कळत होतं की बत्तीस वर्षं तो दारोदार गेला म्हणून आज ती खोटी ठरली. तो भरवशाचा नसता, तर लोकांनी तिचा मोबाईल हातात घेऊन बघितला असता.

दहावा झाला. समिधा नव्हती. पिंडाला कावळा लगेच शिवला. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कारखाना सुटल्यावर, हिरामण मोहोपाड्याला गेला. कारखान्याच्या कॉलनीमागच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर. समिधाने दार उघडलं. तो बाहेर उभा राहिला.

"या," ती म्हणाली. मग त्याला बघून एकदम थबकली. "आई?"

"नाय, नाय. तसं काय नाय. आई बरी हाय."

तिने आत जाऊन पाणी आणलं. त्याने घेतलं नाही, आणि मग घेतलं नाही हे लक्षात येऊन घेतलं. तांब्या हातात धरून बाहेरच उभा राहिला.

"मी आलो नव्हतो तुझ्याकडं," तो म्हणाला.

"मला माहीत आहे काका. मी इथंच होते ना."

"पाणी सोडायचं होतं तलावात. मंग फोन केला."

"हं."

"तिकडं सांगून आलो म्हणालो."

समिधाने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. शेजारच्या घरात टीव्हीवर कसलीतरी जाहिरात चालू होती.

"बाबांचा चेहरा कसा होता?" तिने विचारलं.

हिरामण सकाळी गेला तेव्हा बुधाजीच्या अंगावर चादर होती, तो ओटीवरूनच निघाला होता. परत आला तेव्हा सगळं बांधून झालं होतं.

"मी नाय बघितला," तो म्हणाला. "मला बघाया मिळत नाय. मी निरोपावर असतो."

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"हे मला सांगून काय होणार काका," ती म्हणाली. "मला ठाऊकच आहे. तिथं सांगा. तेराव्याला सगळे असतील." थोड्या वेळाने म्हणाली, "नाही सांगितलंत तरी मी काही बोलणार नाही. पण आई आहे अजून. तिला भेटायला मला तिथं जावं लागेल ना कधीतरी. कोणत्या तोंडाने जाऊ?"

त्याने तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

तेराव्याला अंगणात मांडव होता. वडे, भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं. पहिली पंगत बसली होती. प्रवीण वाढत होता. हिरामण मधल्या रांगेत होता, त्याच्या पानात वाढून झालं होतं. त्याने हात लावला नव्हता.

"काका, सुरू करा," प्रवीण म्हणाला.

"मी गेलो नव्हतो मोहोपाड्याला," हिरामण म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. शेजारच्या दोघांनी ऐकलं. पलीकडच्यांनी "काय म्हणतो?" असं विचारलं.

तो पुन्हा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या दिवशी मी समिधाकडं गेलो नव्हतो. फोन केला. ये म्हणालो. बाप गेला हे सांगितलं नाय. पोरगी खरं बोलत होती."

मग एक जण म्हणाला, "असू दे रं दादा. फोन तर केलास ना."

"वय झालं त्याचं आता," दुसरा म्हणाला. "आमीच गावच्या ग्रुपवर टाकाया पायजे होतं तिच्यासाठी."

"लेकीबाळी कुठं हायेत आपल्या ग्रुपवर?"

"नायत, पण टाकाया पायजेत म्हणतो मी. ह्याच्या गुडघ्यांना पण तेवढीच सुट्टी."

दोघं-तिघं हसले. हलकं झालं. वडे पुन्हा फिरू लागले. पोलीस पाटलांचा मुलगा, आता तोच पाटील, म्हणाला, "दादा, जेव. झालं ते झालं. तू एवढी वर्षं केलंस ते कोण करतं?"

चूक त्याच्या हातातून अशी सरळ काढून घेतली जात होती. प्रेमाने. ती पानांवरून पुढे पुढे जात होती आणि रांगेच्या शेवटी पोचेपर्यंत कुणाचीच राहणार नव्हती. आणि समिधा तशीच मोहोपाड्याला.

"तिला बोलवा," हिरामण म्हणाला.

प्रवीण भाताचं भांडं घेऊन त्याच्यासमोर उभा होता. त्याचं डोकं भादरलेलं, त्यावर बारीक केस उगवले होते.

"ती दहा वेळा म्हणाली मला," प्रवीण म्हणाला. "फोनवर पण म्हणाली. मी ऐकलं नाय. तुमच्यामुळं नाय ऐकलं." त्याने भांडं खाली ठेवलं. "आठ फोन लावले मी तिला. नाय उचलला म्हणून संतापलो आणि उचला म्हणालो. तुमी एक शब्द बोलला असतात तर मी संध्याकाळपर्यंत बसलो असतो काका. रात्र झाली असती तरी बसलो असतो."

हिरामणने मान खाली घातली नाही. तो प्रवीणकडे बघत होता.

"मग 'सांगून आलो' असं का म्हणालात?"

एवढा वेळ विमलबाई दारात, आतल्या अंगाला उभी होती. तेरा दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती. ती म्हणाली, "प्रवीण, ते भांडं दे कुणाकडं. गाडी काढ."

"आई, पंगत बसली हाय."

"मी येते संगं. पोरीला घेऊन येऊ. दुसरी पंगत थांबंल."

प्रवीण जागचा हलला नाही. त्याला अजून उत्तर हवं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण तो तिथेच उभा राहिला. पंगतीतल्या लोकांनी खाणं थांबवलं होतं, ते आपापल्या पानांकडे बघत होते.

सवय होती, असं सांगता आलं असतं. मोटर हवा धरत होती, असंही. दोन्ही खरं होतं. पण प्रवीण विचारत होता ते त्या श्वासाएवढ्या जागेबद्दल होतं. हिरामणने पाण्याचा पेला पानाशेजारी सरळ ठेवला. जमिनीला हात टेकून उठला, एक गुडघा, मग दुसरा. दोन रांगांच्या मधून, कुणाच्या पानाला पाय लागू न देता, तो मांडवाच्या टोकापर्यंत गेला, चपला शोधल्या, आणि काही न बोलता बाहेर पडला.